गल्लीतलं घर आणि त्यामागची माणसं: आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, शहापूर, वडगाव, खासबाग, अनगोळ आणि आजूबाजूच्या गावांत आम्ही जुन्या घरांची दुरुस्ती करतो, घराचे कागद नीट लावून देतो आणि सरकारी घरयोजनांच्या अर्जांना मदत करतो. दारात गेलो की लोक आधी घराबद्दल विचारत नाहीत, आमच्याबद्दल विचारतात. ते बरोबरच आहे. घराचा उतारा दुसऱ्याच्या हातात द्यायचा तर तो माणूस कोण, हे आधी कळलंच पाहिजे. म्हणून आमच्याबद्दलचे प्रश्न आधी घेतलेत, योजनांचे नंतर.

तुम्ही नेमके कोण? कुठली माणसं?

बहुतेक इथलीच. पाडायची भिंत आणि राखायची भिंत कुठली हे ठरवणारे गवंडीमामा आयुष्यभर मातीच्या आणि लाल दगडाच्या भिंतींवर काम करत आलेत. ते घरात शिरले की आधी जोत्यालगत भिंतीत खिळा टोचून बघतात, ओल किती आत गेली आहे ते. मग मान वर करून वासे आणि रीपा बघतात, वाळवीची माती शोधतात. त्यांच्या त्या दहा मिनिटांवर आमचा सगळा खर्चाचा अंदाज उभा असतो.

घरोघरी फिरून माहिती घेणाऱ्या अक्का पूर्वी मागासाठी कांड्या भरायच्या. कुठल्या घरात दोन भाऊ बोलत नाहीत, कुणाचा मुलगा गोव्याला कामाला गेला आहे, कुणाच्या घरपट्टीची थकबाकी आहे, हे त्यांना न विचारता माहीत असतं. आणि ते त्या दुसऱ्या घरात बोलत नाहीत. हा दुसरा गुण आमच्या कामात पहिल्यापेक्षा मोलाचा आहे.

एक वकील शनिवारी दुपारी बसतात आणि फी घेत नाहीत. भूमापन खात्यातून निवृत्त झालेले एक सर्व्हेअर काका आहेत, जुन्या नकाशावरची पुसट रेघ त्यांनाच वाचता येते. घरी मराठी आणि शाळेत कन्नड शिकलेली एक मुलगी आमचे सगळे अर्ज लिहिते. हिशेब बघणारे आहेत, सुतार आहेत, सुट्टीत येणारी इंजिनिअरिंगची पोरं आहेत. पगारावर फक्त तिघं, बाकीचे वेळ देतात.

सुरुवात कशी झाली?

ऑगस्ट 2019 च्या पावसात. त्या महिन्यात मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा, मार्कंडेय सगळ्या एकदम फुगल्या. शहरात नाल्यांचं पाणी घरांत शिरलं, गावांत मातीच्या भिंती जागेवर बसल्या. आम्ही काही मित्रमंडळी चादरी, तांदूळ, मेणबत्त्या वाटत होतो. तेव्हा एका आजींनी चादर घेतली नाही. पदराखालून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत भिजून गोळा झालेले कागद होते. "बाळ, हे वाळवून दे की, त्याशिवाय घर माझं हाय म्हणून कुणाला सांगू?"

त्यानंतर सरकारने पडझड झालेल्या घरांचे वर्ग पाडले. पूर्ण पडलेल्या घराला 5 लाख रुपये जाहीर झाले आणि किरकोळ पडझडीला 50 हजार. पैसे होते. पण ते घर कुणाच्या नावावर आहे, खात्यावर आजोबांचंच नाव आहे का, तीन भावांपैकी अर्ज कुणी करायचा, यात कितीतरी कुटुंबं अडकली. पंचनाम्याला आलेला माणूस एक भिंत उभी बघून वर्ग खाली लिहून गेला, तर ते बदलून घ्यायला कुठे जायचं हे कुणाला माहीत नव्हतं. चादरी संपल्यावरही लोक आमच्याकडे येत राहिले, कागद घेऊन. आजचं काम तिथूनच वाढलं आहे.

तुम्ही सरकारी आहात? कुठल्या पक्षाचे?

दोन्ही नाही. कर्नाटकात संस्था नोंदवायची तर 1960 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात. कुणी ट्रस्ट करतं, कुणी 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 8 खाली ना-नफा कंपनी काढतं. आम्ही पहिला मार्ग घेतला, कारण त्यात दरवर्षी सभा घेऊन सगळ्यांसमोर हिशेब मांडावा लागतो आणि गल्लीतल्या पंच कमिटीत वाढलेल्या माणसाला ती पद्धत ओळखीची असते. निवडणुकीला उभं राहायचं असेल तर कार्यकारिणीचा राजीनामा द्यायचा, हा नियम आम्ही पहिल्याच सभेत लिहून ठेवला.

तुम्ही मराठीवाले की कन्नडवाले? सीमाप्रश्नावर तुमचं काय म्हणणं?

हा प्रश्न टाळला तर आमच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. 1 नोव्हेंबर 1956 पासून हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. आमच्यातल्या काहींच्या घरात या लढ्यात तुरुंगात गेलेली माणसं आहेत. आमच्यातच कन्नड बोलणारे, उर्दू बोलणारे, कोकणी बोलणारेही आहेत. प्रत्येकाला आपलं मत आहे आणि ते त्याने बाहेर हक्काने मांडावं.

घराच्या कामात मात्र एक गोष्ट आम्ही ठरवून पाळतो. अर्जदाराशी त्याच्या भाषेत बोलायचं आणि कचेरीत कचेरीच्या भाषेत लिहायचं. राज्याचा कारभार कन्नडमध्ये चालतो, अर्ज कन्नडमध्ये असतो, नोटीसही कन्नडमध्ये येते. मराठी शाळेत शिकलेली साठीची बाई ती नोटीस वाचू शकत नाही, मग ती देवाच्या फोटोमागे ठेवून देते आणि मुदत निघून जाते. अशी मुदत गेल्यामुळे हातचं घर गेलेलं आम्ही पाहिलं आहे. म्हणून आलेला प्रत्येक कागद मराठीत मोठ्याने वाचून दाखवायचा, अर्जाची मराठी प्रत घरात ठेवायची आणि समजल्याशिवाय अंगठा किंवा सही घ्यायची नाही. या कामाला वेळ जातो. जाऊ दे.

जुनं पाडून बिल्डिंग बांधली तर बरं नाही का? दुरुस्तीत कशाला अडकता?

हा प्रश्न तरुण मुलं जास्त विचारतात आणि त्यांचं दुखणं खरं आहे. गळणाऱ्या कौलाखाली अभ्यास त्यांनीच केलेला असतो.

पण वडगाव-खासबागकडचं विणकराचं घर एकदा आत जाऊन बघा. पुढच्या खणात यंत्रमाग, मधल्या खोलीत बिमं आणि सुताची पोती, मागे चूल आणि न्हाणी, वर माळा. घर आणि कारखाना एकाच छपराखाली. शहापूरच्या लुगड्यांचं नाव ज्या काळात होतं तेव्हापासून या घरांची मांडणी कामाभोवती झाली आहे. अशा कुटुंबाला चौथ्या मजल्यावर चारशे फुटांचा फ्लॅट दिला तर राहायची सोय होईल, पण माग कुठे लावणार? त्याच्या धक्क्याने स्लॅब हादरेल, शेजारी तक्रार करतील. मग माग विकायचा आणि घरातल्या बाप्याने रोजंदारीवर जायचं. घर मिळालं आणि पोट गेलं, अशी ही अदलाबदल आहे.

शिवाय पाडकाम झालं की भाडेकरू, विधवा वहिनी, एका खोलीत राहणारा थोरला काका यांचं काय होतं, ते कागदावर कुठेच येत नाही. ते गल्ली सोडतात. म्हणून वस्ती सुधारणं याचा आमचा अर्थ असा की छप्पर सुधारल्यावरही त्याखाली तीच माणसं राहिली पाहिजेत. जिथे घर खरंच धोक्याचं आहे, तिथे आम्हीच पाडा म्हणून सांगतो. तसं लेखी देतो.

दुरुस्तीत तुम्ही नेमकं काय करता?

मे महिन्यात कौलं परतून घेणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम. फुटकी कौलं काढायची, रीपा बदलायच्या, वाशांना वाळवीचं औषध लावायचं, पावळीचं पाणी भिंतीपासून लांब पडेल असं करायचं. खानापूर भागातली कौलं आम्ही अजूनही शोधून आणतो. तिथली माती कौलाला आणि भांड्याला चांगली, कुंभारकामाची केंद्रीय संस्था खानापुरात आहे ती उगीच नाही. कौलाऐवजी सिमेंटचा पत्रा घातला की गळती थांबते हे खरं, पण एप्रिल-मेमध्ये त्याखाली दुपारी बसवत नाही. माग चालवणाऱ्याला तर नाहीच. मग पंखा, मग वीजबिल.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका, हे आम्ही आता दारोदार सांगतो, कारण ती चूक आम्ही स्वतः केली आहे. एका घरात मालकांना भिंत "पक्की" दिसायला हवी होती आणि आम्हालाही काम झालेलं दिसायला हवं होतं. मामा नको म्हणत होते. आम्ही गिलावा केला. मातीची भिंत ओल शोषते आणि सोडते. सिमेंटने बाहेर जायची वाट बंद झाली, ओल आतच राहिली. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला पोट आलं आणि एका रात्री ती बाहेरच्या बाजूला पडली. आत झोपलेली तीन माणसं वाचली. भिंत आम्ही आमच्या पैशाने पुन्हा बांधली आणि मालकांची माफी मागितली. तेव्हापासून मामांनी नको म्हटलेलं काम आम्ही करत नाही. मातीला चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा, आणि जोतं उंच.

"परवडणारं घर" म्हणजे किती रुपयांचं?

सरकारी व्याख्या उत्पन्नावर आणि चटईक्षेत्रावर चालते. वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेलं कुटुंब दुर्बल घटकात, 3 ते 6 लाख अल्प उत्पन्न गटात, 6 ते 9 लाख मध्यम गटात. शहरी योजनेतलं घर साधारण 30 ते 45 चौरस मीटर, म्हणजे आपल्या भाषेत सव्वातीनशे ते पावणेपाचशे फूट.

आम्ही वेगळा हिशेब मांडतो. मागाची मजुरी आठवड्याला मिळते, फाउंड्रीतल्या कंत्राटी कामगाराची महिन्याला, धुणीभांडी करणाऱ्या मावशींची चार घरांतून चार तारखांना. दिवाळीनंतर सुताचा भाव चढला की माग दोन-दोन आठवडे बंद. अशा घरात दरमहा ठरावीक तारखेला जाणारा हप्ता, मग तो कितीही लहान असो, परवडत नाही. म्हणून आम्ही कुटुंबाबरोबर बसून मागच्या बारा महिन्यांचा जमाखर्च वहीत लिहितो, त्यातले सगळ्यात वाईट दोन महिने निवडतो आणि त्या महिन्यांत किती भरता येईल ते विचारतो. तोच आकडा धरायचा. कामावर जायला लागणारं बसभाडंही त्यात मोजायचं. गावाबाहेर स्वस्त घर घेतलं आणि रोज दोघांचं जाण्यायेण्याचं भाडं वाढलं, तर ते घर स्वस्त कसं?

सरकारकडून खरंच किती मिळतात?

शहरासाठी प्रधानमंत्री आवास योजना 2015 च्या जूनमध्ये सुरू झाली. तिचा दुसरा टप्पा 1 सप्टेंबर 2024 पासून आहे. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला या टप्प्यात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे किमान एक लाख अशी तरतूद आहे. गावात सपाट प्रदेशासाठी 1 लाख 20 हजार, शिवाय रोजगार हमीतली मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार वेगळे. घराचं क्षेत्र किमान 25 चौरस मीटर हवं. कुटुंबात कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं, ही अट दोन्हीकडे आहे. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने तिथे फ्लॅट घेतला म्हणून इथल्या आई-वडिलांचा अर्ज जातोच असं नाही. या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. लग्न झालेला मुलगा वेगळा धरतात.

राज्याच्या योजना राजीव गांधी ग्रामीण वसती निगमामार्फत येतात: बसव वसती, आंबेडकर निवास, आणि विधवा, अपंग, निराधार यांच्यासाठी देवराज अर्स यांच्या नावाची. झोपडपट्टी म्हणून घोषित भागात 1973 चा कर्नाटकाचा कायदा लागतो आणि तिथल्या घरांना हक्कपत्र देणारं मंडळ वेगळं. एकाच गल्लीत उजव्या बाजूला एक खातं आणि डाव्या बाजूला दुसरं, असंही असतं. आधी आपली बाजू कुठली ते बघून घ्या.

आमच्याकडे कागदच नाही. काही होईल का?

"कागद नाही" असं सांगणाऱ्या बहुतेकांच्या ट्रंकेत कागद असतो, फक्त तो वेगळ्या माणसाच्या नावाचा असतो. शहापूर स्वातंत्र्यापर्यंत सांगली संस्थानात होतं, त्यामुळे तिथे कधीकधी संस्थानच्या वेळचा कागदही निघतो. टाकून देऊ नका. घरपट्टीची पावती, पाणीपट्टी, जुनं वीजबिल, मतदारयादीतला घर नंबर, काहीच फुकट जात नाही.

सगळ्यात जास्त अडचण वारसाची. खात्यावर आजोबा, वापरात नातवंडं. त्यासाठी वंशावळ काढायची, सगळ्या वारसांची संमती घ्यायची, मग फेरफार. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो: मुलींची नावं गाळून केलेली वंशावळ आम्ही पुढे नेत नाही. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क कर्नाटकाने 1994 च्या दुरुस्तीने दिला, देशाने 2005 साली, आणि वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर तिने समजून, रजिस्टर हक्कसोडपत्र करावं. रक्ताच्या नात्यात त्याचा खर्च फार नाही. रक्षाबंधनाला आलेल्या बहिणीची घाईत सही घेणं हे आमच्या दारात चालणार नाही.

दुसरी अडचण बॉण्डवर घेतलेल्या जागांची. शहराच्या कडेला शेतजमिनीचे दीड-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर विकले गेले. लोकांनी आयुष्याची कमाई दिली. नोटरीची सही म्हणजे मालकी नव्हे. शंभर रुपयांहून जास्त किमतीच्या जागेचं खरेदीखत सब-रजिस्ट्रारकडेच व्हावं लागतं. अशा घरांना काय करता येईल हे प्रत्येक जागेप्रमाणे बदलतं. जागा सरकारी असेल तर भूमहसूल कायद्याच्या कलम 94सी, शहरालगत 94सीसी खाली ठरावीक तारखेआधीचं घर नियमित होऊ शकतं. खासगी शेतजमीन असेल तर मूळ मालकाकडे परत जावं लागतं, आणि मालक वारला असेल तर त्याच्या सगळ्या वारसांकडे. यात वर्षं जातात. आम्ही खोटी आशा देणार नाही. गावठाणातल्या घराला मात्र पंचायतीकडून ई-स्वत्तूतले, म्हणजे मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीतले, नमुना 9 आणि 11 मिळतात, तेवढं तरी लगेच करून घ्या.

घर बाईच्या नावावर करा असं का सांगता?

आवास योजनेत नियमच आहे, घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या. नियम नसता तरी आम्ही हेच सांगितलं असतं. नवरा गेल्यावर दिराने बाहेर काढलेल्या बायका आमच्याकडे येतात.

हप्ते मिळायला उशीर होतो. तोपर्यंत काय?

अनुदान टप्प्याटप्प्याने येतं. पाया, भिंत, स्लॅब असे फोटो चढले की पुढचे पैसे. सिमेंटवाला मात्र थांबत नाही. पाया झाला, पैसे अडकले, मृगाचा पाऊस आला आणि कुटुंब ताडपत्रीखाली, हे दरवर्षी घडतं. मग माणूस खासगी सावकाराकडे जातो आणि अनुदानातला मोठा वाटा व्याजात घालवतो.

यासाठी आम्ही एक फिरता निधी ठेवला आहे. मंजुरीपत्र असेल तर त्यातून बिनव्याजी उसने मिळतात, हप्ता आला की परत करायचे. वसुलीला आम्ही कुणाच्या दारात जात नाही. गल्लीतल्या स्त्रीशक्ती संघाच्या बायकाच कुणाला द्यायचं ते ठरवतात. त्यांना भिशी चालवायची सवय असते, कोण बुडवेल आणि कोण पोटाला चिमटा घेऊन फेडेल हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं कळतं. एखाद्याचा हप्ता खरंच सरकारकडे अडकला असेल तर त्या थांबतात.

एक माणूस घर मंजूर करून देतो म्हणून दहा हजार मागतोय. द्यावेत का?

देऊ नका. या अर्जांना असली फी नसते. दिले असतील तर आमच्याकडे या, लाजू नका.

भाडेकरूंसाठी काही करता का?

करतो, पण कमी. हे आमचं सगळ्यात तोकडं पडलेलं काम आहे. घरमालकाच्या घराला अनुदान मिळतं, भाडेकरूच्या खोलीला कुणी विचारत नाही. दुरुस्तीला पैसे लावण्याआधी आम्ही मालकाकडून लिहून घेतो की ठरलेली वर्षं भाडेकरूला काढणार नाही आणि भाडं एकदम वाढवणार नाही. बऱ्याच मालकांनी शब्द पाळला. सगळ्यांनी नाही.

असं काम आधी कुणी केलंय का, की तुम्हीच पहिले?

आम्ही फार मागून आलो. शेजारच्या सोलापुरात विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत कुंभारीला उभी राहिली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कामगार संघटना त्यासाठी कितीतरी वर्षं लढली. केंद्र, राज्य आणि कामगार यांनी तीन सारखे वाटे उचलले, आणि 2006 मध्ये घरं मिळाली. निपाणीच्या विडी वळणाऱ्या बायकांना आम्ही हे सांगतो तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, "त्या बायकांनी पैसे कसे साठवले?" बरोबर प्रश्न.

मुंबईत जोकिन अर्पुथम यांनी झोपडपट्टीवासीयांची राष्ट्रीय संघटना बांधली. ते मूळचे आपल्याच राज्यातले, कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या भागातले. वस्तीची मोजणी वस्तीनेच करायची, ही त्यांची रीत. बाहेरून आलेल्या माणसाला दहा घरं दिसतात तिथे अक्कांना चौदा चुली दिसतात, त्यामुळे आम्हीही तसंच करतो. पुण्याच्या शेल्टर असोसिएट्सने सांगली-कोल्हापूरकडे नकाशे काढून घरं आणि घराघरात शौचालयं केली. अहमदाबादला 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेने 1994 साली घरांसाठी वेगळा ट्रस्ट काढला.

आणि एक गोष्ट आम्हाला फार जवळची वाटते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात 1969 साली काळ्या शेतकऱ्यांनी जमीन सामाईक मालकीची ठेवून घर-शेती वापरायला द्यायची, अशी संस्था काढली. तिथल्या लोकांना कम्युनिटी लँड ट्रस्ट, म्हणजे भूमिन्यास, म्हणून आज ती पद्धत माहीत आहे. ती मांडणाऱ्यांपैकी रॉबर्ट स्वान यांच्यासमोर विनोबांचं ग्रामदान, म्हणजे जमीन सगळ्या गावाच्या मालकीची करण्याची चळवळ, होतं. पैठणीसारखं आपल्याच पेटीतलं काहीतरी इतक्या लांब जाऊन वापरात आलं. इथे गल्लीच्या मालकीची एखादी जागा अशी कायमची राखून ठेवता येईल का, यावर आमच्या सभांत बोलणं चालू आहे.

पैसा कुठून येतो?

बराचसा इथल्याच लोकांकडून. गणपतीच्या वर्गणीतून काही मंडळं वाटा काढतात, बेळगावच्या उद्योगांत काम करणारे काही जण दरमहा देतात, मुंबई-पुण्याला गेलेली इथली मुलं पाठवतात. नफा 5 कोटींच्या वर गेलेल्या कंपनीला सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात, त्यातूनही मिळतात. कंपन्यांना फोटो काढता येईल असं काम हवं असतं आणि फेरफाराचा फोटो निघत नाही. त्यामुळे त्यांचे पैसे कौलांना आणि शौचालयांना, लोकांचे पैसे कागदांना, अशी वाटणी आम्ही केली आहे.

देणगीवर प्राप्तिकरात सूट मिळते (लोक तिला 80जी म्हणतात), पण 2,000 रुपयांच्या वरची रोख देणगी त्यात धरत नाहीत आणि नव्या कररचनेत ही सूट नाही. सुटीसाठी देत असाल तर आधी हे तपासा.

मला भेटायला यायचं आहे. काय आणू?

आधार, रेशन कार्ड, घरपट्टीची शेवटची पावती, उतारा असेल तर उतारा. नसेल तर ट्रंकेतले सगळे कागद पिशवीसकट आणा, निवडून आणू नका. जे तुम्हाला निरुपयोगी वाटतं तेच कधीकधी कामी येतं. घरातल्या एका बाईला बरोबर आणा. शक्यतो मार्च-एप्रिलमध्ये या, म्हणजे पावसाआधी मामांना छपरावर चढता येईल. भिजलेले कागद एकमेकांपासून ओढून सोडवू नका, तसेच जुन्या साडीत सैल गुंडाळून आणा. वाळवायचं काम आमच्याकडे एका मुलीला चांगलं जमतं.